लेखांक सहावा : पहिल्या आठवड्यातले तीन किलो

‘सात दिवसांत तीन किलो’ असं छापलेलं पत्रक सकाळच्या वर्तमानपत्रातून खाली पडतं आणि दुपारी तेच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं. अशा योजनांमधली सर्वांत घातक गोष्ट मला ही वाटते, की पहिल्या आठवड्यात काटा खरोखरच खाली येतो. मग विकत घेणाऱ्या बाईचा विश्वास बसतो आणि तीच शेजारणीला, नणंदेला सांगू लागते.

उतरतं काय, ते बघू. आपलं यकृत आणि स्नायू ग्लायकोजेनच्या रूपात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर साठवतात. त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. पोळी-भात बंद करून दोन वेळा नुसता पावडरीचा शेक घेतला, की दोन-तीन दिवसांत हा साठा बराचसा संपतो आणि त्याचं पाणी लघवीवाटे जातं. मीठ कमी झालं, आतड्यात अन्न कमी राहिलं, की आणखी थोडं घटतं. चरबीला अजून फारसा हातही लागलेला नसतो.

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. आठवड्यात तीन किलो चरबी जाळायची तर रोज ३,३०० कॅलरींची तूट पडायला हवी. घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या मध्यम बांध्याच्या बाईचा दिवसाचा सगळा खर्चच १,८०० ते २,०००च्या आसपास असतो. तिने सात दिवस कडकडीत उपास केला, तरी दोन किलो चरबी जाणार नाही. आठवड्याला अर्धा ते एक किलो, यापलीकडचं आश्वासन कुणी दिलं तर हा गुणाकार तिथेच करून पाहा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा अडतो. एका लग्नात पोटभर जेवलं, की साठा भरतो, पाणी परत येतं. मग ‘कोच’ म्हणवणारी व्यक्ती सांगते, ‘तुम्ही नीट पाळलं नाहीत, पुढचा पॅक घ्या.’ उतरलं की श्रेय पावडरीचं, चढलं की दोष तुमचा! मला याची मनस्वी चीड येते. कितीतरी बायका यामुळे स्वतःला बेशिस्त ठरवून बसतात.

‘मोफत बॉडी ॲनालिसिस’चंही तसंच. ते यंत्र शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून चरबीचा अंदाज बांधतं, आणि पाणी किती प्यायलात यावरही तो आकडा हलतो. ‘तुमच्या शरीराचं वय ५२’ असं ऐकून कुणी लगेच पैसे भरू नयेत.

औषधाने लठ्ठपणा बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४च्या औषधी व जादूई उपाय कायद्याने मनाई आहे. मग डब्यावर ‘हे औषध नाही’ असं बारीक अक्षरात छापतात आणि माल अन्न म्हणून विकतात. डब्यावरचा १४ आकडी अन्न परवाना क्रमांक दाखवून ‘सरकारमान्य’ म्हणतात. तो क्रमांक धंदा करण्याचा परवाना असतो. वजनाचा दावा कुणी तपासल्याचा तो पुरावा नव्हे.

सर्वांत जास्त भीती मात्र बिननावाच्या ‘आयुर्वेदिक’ गोळ्यांची. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे भारतात २०११ साली बंद झालं. त्यानंतरही निरनिराळ्या देशांत ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये ते लपवलेलं सापडत आलं आहे. अशी गोळी सुरू केल्यावर भूक एकदम मेली, छाती धडधडली, झोप उडाली, तर ती थांबवा आणि पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना न विचारता जेवण तोडूच नये. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रिकामा डबा, बॅच क्रमांक आणि बिल जपून ठेवा. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार करताना ते हाताशी लागतील.