पोंग्यातलं पान

मक्याचं रोप साधारण नऊ-दहा दिवसांचं झालं की त्याचं तिसरं पान आमच्या कामाचं होतं. वर दिसतो तो हिरवा शेंडा. आम्हाला मात्र पोंग्यात दडलेलं त्याचं बूडही हवं असतं. बाहेरची दोन पानं ब्लेडने हलकेच सोलली की पिवळट-पांढरा, नखाने दाबला तरी पिचेल असा कोवळा भाग उघडा पडतो. मक्याचं पान बुडाकडून वाढतं. म्हणजे शेंड्याच्या पेशी सर्वांत जुन्या, बुडाच्या नुकत्या जन्मलेल्या. पेशीचं अख्खं वाढतं वय एकाच पानावर पट्टी ठेवून मोजता येतं!

मापून तुकडे कापायचे, फॉइलमध्ये गुंडाळायचे आणि लगेच उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये सोडायचे. इथे रेंगाळून चालत नाही. कापलेल्या पानात जखमेला उत्तर देणारी जनुकं काही मिनिटांतच जागी होतात. कोणती जनुकं चालू आहेत हे ज्यावरून आम्ही मोजतो तो आरएनएही नाजूक, आपल्या बोटांवरची विकरंसुद्धा त्याचे तुकडे पाडतात, म्हणून हातमोजे घालायचे आणि वरचेवर बदलायचे. खलात घोटताना भुकटी कोरडी, फिकट दिसली पाहिजे. ती ओलसर, गडद होऊ लागली की नमुना वितळतोय, चटकन नायट्रोजन ओतायचा.

सगळ्या तुकड्यांत गुणसूत्रांच्या 10 जोड्या त्याच, 2009 मध्ये बी73 या वाणाच्या जनुकसंचात मोजलेली 32 हजारांवर जनुकंही तीच. त्यातली कोणती चालू आणि किती, एवढाच फरक. 2010 साली ‘नेचर जेनेटिक्स’मधल्या अभ्यासाने हा फरक पानाच्या लांबीवर मांडून दाखवला: बुडाशी पेशीभित्ती बांधण्याची जनुकं जोरात, मध्ये हरितलवकाची जुळवाजुळव, शेंड्याकडे प्रकाशसंश्लेषण.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती शेंड्याकडची कामाची वाटणी. हवेतला कार्बन पहिल्यांदा पकडणारं विकर पानाच्या गराच्या पेशींत, तर रुबिस्को हे दुसरं विकर शिरेला वेढणाऱ्या पेशींत. भिंतीला भिंत लागून असलेल्या या दोन पेशी एकच जनुकसंच बाळगून वेगवेगळी जनुकं चालवतात. कडक उन्हात मका जोमाने वाढतो, त्यामागे ही वाटणी आहे.

यातली कित्येक जनुकं दिवसाच्या प्रहरानुसारही कमी-जास्त चालतात. म्हणून नमुन्याच्या डबीवर पानाचा क्रमांक, बुडापासूनचं अंतर आणि कापल्याची वेळ हवीच. ‘मक्याचं पान’ एवढंच लिहिलेल्या नमुन्याचे आकडे कितीही देखणे असोत, मी त्यांवर विसंबत नाही.