मेजर कोणता घ्यायचा? आधी हे तपासा

आपल्या वस्त्यांमधली बरीच मुलं घरातली पहिली पदवीधर होणार आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार नाशिकच्या अनेक कॉलेजांत बी.ए.च्या पहिल्या वर्षी तीन विषय घेतात आणि दुसऱ्या वर्षाला जाताना त्यातला एक मेजर, एक मायनर ठरवतात. घरी विचारावं, तर मेजर म्हणजे काय हेच कुणाला ठाऊक नसतं. मग कानावर येतं, "एमपीएससी करायचीय ना? राज्यशास्त्रच घे!"

हा सल्ला अर्धवट माहितीचा आहे. तहसीलदार किंवा उपजिल्हाधिकारी व्हायला कोणत्याही शाखेची पदवी चालते. बँकेची क्लार्क भरती आणि एम.एस.डब्ल्यू.चा प्रवेश यांनाही मेजरची अट सहसा नसते. विषय आडवा येतो तो प्राध्यापक व्हायचं असेल तेव्हा, कारण एम.ए. आणि नेट-सेट त्याच विषयात लागते. बी.एड.चंही तसंच. शाळेत जो विषय शिकवतच नाहीत तो घेऊन शिक्षक होणं अवघड जातं. अशी वाट ठरलेली नसेल, तर तीन वर्षं मनापासून वाचता येईल तो विषय घ्यावा.

तो ओळखायचा कसा? मी मुलांना तिन्ही विषयांच्या तिसऱ्या वर्षाच्या जुन्या प्रश्नपत्रिका लायब्ररीतून काढायला सांगते. पहिल्या वर्षाचे मार्क फसवतात, गाईडवरही मिळतात. कोणत्या विषयाच्या नोट्स स्वतः काढल्या, हा प्रश्न जास्त कामाचा.

मायनरलाही भरतीचा विषय समजू नये. बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबियातून एम.ए. केलं, मुख्य विषय अर्थशास्त्र. सोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र होतंच. जातिसंस्थेवरचा त्यांचा गाजलेला निबंध १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या परिसंवादात वाचला गेला.

पुढे बघू, नाही जमलं तर दुसरी पदवी करू, असं म्हणणाऱ्यांनी शिष्यवृत्तीचा नियम पाहावा. बी.ए. झाल्यावर पुन्हा त्याच पातळीची बी.कॉम.सारखी पदवी घेतली, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. फी खिशातून जाते.

आणखी एक. निवडलेला विषय आपल्या कॉलेजात तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून शिकवतात का, हे फॉर्म भरण्याआधी विभागात विचारून घ्या. पाली घेणाऱ्यांनी तर नक्कीच.