मोबाईलला उर्दू कोणी शिकवली?

सहामाही परीक्षेची उर्दूची प्रश्नपत्रिका मी रोह्यात घरीच तयार केली आणि पेणला एका दुकानात छापायला दिली. कागद हातात आला तेव्हा पोटात गोळाच आला. सगळी अक्षरे सुटी सुटी! 'किताब' हा शब्दही वाचता येईना. दुकानातला संगणक जुना होता. शेवटी माझ्या मोबाईलवरून छापले, तेव्हा अक्षरे नीट जोडून आली. घरी हा किस्सा सांगितला तर लेक म्हणाली, "अम्मी, मोबाईलला उर्दू कोणी शिकवली?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधताना मला बरेच काही कळले.

उर्दूतले 'बे' हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळे दिसते. मराठीचेही तसेच. 'कि' लिहिताना आपण आधी 'क' उच्चारतो, पण वेलांटी त्याच्या डावीकडे बसते. 'सूर्य' मधला 'र' उडी मारून 'य'च्या डोक्यावर जातो. हे सगळे नियम यंत्राला शिकवावे लागतात. हे काम करणाऱ्या एका प्रोग्रॅमचे नाव आहे 'हार्फबझ'. नाव फारसी आहे. 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज़' म्हणजे खुले. त्याचे प्रमुख शिल्पकार बहदाद इस्फहबोद मूळचे इराणचे.

हा प्रोग्रॅम कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. तो 'ओपन सोर्स' आहे, म्हणजे त्याची मूळ संहिता कोणीही वाचावी, वापरावी, सुधारावी. गुगलचा क्रोम आणि मोझिलाचा फायरफॉक्स हे एकमेकांचे स्पर्धक. पण दोघेही अक्षरे जुळवायला हार्फबझच वापरतात. मायक्रोसॉफ्टनेही 2020 मध्ये आपला एज ब्राउझर गुगलच्या खुल्या क्रोमियमवर नव्याने उभा केला आणि तिचे अभियंते आता त्याच क्रोमियममध्ये सुधारणा करतात.

एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणाऱ्या कंपन्या असे का करतात? आपल्या रोह्याकडे पाहा. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने आपापला माल वेगळा विकतात, पण सांडपाणी शुद्ध करायला सामायिक केंद्र आहे. प्रत्येकाने स्वतंत्र केंद्र बांधायचे तर खर्च परवडणार नाही, आणि त्या केंद्राकडे पाहून कोणी माल विकत घेत नाही. अक्षरे जोडण्याचेही तसेच आहे. ते चुकले तर ग्राहक चिडतो. बरोबर आले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. मग पाया एकत्र बांधावा आणि स्पर्धा वरच्या मजल्यावर करावी, हा सरळ हिशेब आहे. यात धर्मादाय कमी आणि व्यवहार जास्त.

पण या व्यवहाराचा फायदा आपल्याला होतो. गुगलने 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फॉन्ट खुल्या परवान्याने दिला. आज तोच फॉन्ट प्रतिस्पर्धी अ‍ॅपलच्या आयफोनमध्येही आहे. मराठीसाठी 'लोहित देवनागरी' आहे. रेड हॅट कंपनीने 2004 मध्ये लोहित फॉन्ट खुले केले. त्यांची मूळ अक्षरे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. रेड हॅटशी स्पर्धा करणाऱ्या उबुंटूनेही ते फॉन्ट घेतले.

एकेकाळी उर्दू वर्तमानपत्राचे पानन् पान कातिब हाताने लिहीत. 1981 च्या सुमारास मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडशब्द हाताने रेखाटून 'नूरी नस्तालीक' यंत्रावर आणली. ती फार मोठी कामगिरी होती. पण त्या काळची यंत्रे विकत घेणे लहान छापखान्याच्या किंवा शाळेच्या आवाक्यात नव्हते. आज पेणच्या शाळेतली मुलगी तिच्या वडिलांच्या साध्या मोबाईलवर उर्दू निबंध लिहू शकते, एक पैसा न मोजता.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. लाहोर, तेहरान किंवा कॅलिफोर्नियात बसलेल्या माणसाला मराठीतली चूक दिसणार नाही. ती आपल्यालाच दिसेल. खुल्या प्रोग्रॅममध्ये चूक कळवायचा अधिकार कोणालाही असतो, त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. आणि आपण घरातले निरोप रोमन लिपीतच लिहीत राहिलो, तर या लिपींसाठी कष्ट घ्यायला कोणाला कारण उरेल?

लेकीला मी हेच सांगितले. त्या रात्री तिने पनवेलच्या नानीला पहिला उर्दू निरोप उर्दू लिपीत पाठवला. नानीचे उत्तर आले, "बेटा, हे मला चष्म्याशिवायही वाचता आलं!"