यंत्र धडधाकट, पण आधार बंद

वजनकाटा बिघडला तर कारागीर बोलावून तो दुरुस्त करून घेता येतो. संगणकाची गोष्ट थोडी वेगळी आहे. यंत्र धडधाकट असते, पण त्यावर चालणारे सॉफ्टवेअर बनविणारी कंपनी एके दिवशी जाहीर करते की, या यंत्रासाठी यापुढे आम्ही नवे काही देणार नाही. दुसऱ्या दिवशीही काम चालूच राहते, म्हणून धोका लक्षात येत नाही. मात्र त्या दिवसापासून नव्या चुकांची व सुरक्षिततेतील छिद्रांची दुरुस्ती मिळणे हळूहळू थांबते.

इटॅनियमचा धडा

याचे मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची भाषा असते आणि एका भाषेसाठी बनविलेले सॉफ्टवेअर दुसऱ्यावर जसेच्या तसे चालत नाही. इंटेल आणि एचपी या कंपन्यांनी मिळून सर्व्हरसाठी इटॅनियम नावाचा नव्या भाषेचा प्रोसेसर २००१ मध्ये बाजारात आणला. मोठमोठ्या उद्योगांचे हिशोब त्यावर चालू लागले.

पण गिऱ्हाईक अपेक्षेइतके वाढले नाही आणि सॉफ्टवेअर कंपन्या एकेक करून निघून गेल्या. रेड हॅटने डिसेंबर २००९ मध्ये, मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१० मध्ये आणि ओरॅकलने मार्च २०११ मध्ये तसे जाहीर केले. एचपी न्यायालयात गेली. ओरॅकलने करार पाळला पाहिजे, असा निकाल ऑगस्ट २०१२ मध्ये लागला आणि ओरॅकलला काम पुन्हा सुरू करावे लागले. पुढे २०१६ मध्ये ज्यूरीने तीन अब्ज डॉलरची भरपाईही मंजूर केली.

तरीही इटॅनियम वाचला नाही. इंटेलने जुलै २०२१ मध्ये त्याचा पुरवठा बंद केला. एचपीच्या त्यावरील एचपी-यूएक्स या प्रणालीचा नियमित आधार ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच ठेवला गेला. या प्रणालीचे नव्या प्रोसेसरवर स्थलांतर झालेच नाही, त्यामुळे तिच्या ग्राहकांना दुसरी प्रणाली शोधावी लागली. याउलट ओपनव्हीएमएस ही प्रणाली २०२२ मध्ये सर्वसाधारण प्रोसेसरवर आणली गेली व तिच्या ग्राहकांना वाट मिळाली. यंत्र एकच, पण नशीब वेगळे. खटला जिंकून भरपाई मिळते, बंद पडलेला बाजार परत येत नाही, हाच यातला धडा होय.

आपल्याशी संबंध काय?

हीच गोष्ट लहान प्रमाणात आपल्या दुकानांत घडते. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अनेक जुन्या संगणकांचा प्रोसेसर स्वीकारत नाही. भरतकामाच्या संगणकीय यंत्राला जोडलेला किंवा घाऊक दुकानाचा हिशोब सांभाळणारा जुना संगणक अशा वेळी अडचणीत येतो.

हिशोबात आपल्याप्रमाणेच इतरांचेही हक्क असतात. मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश पवित्र कुरआनमध्ये (सूरह बकरा, आयत २८२) आहे. लिहिलेले वाचताच आले नाही, तर लिहिल्याचा उपयोग काय? म्हणून ही अमानत सांभाळण्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१) यादी करा. कोणते सॉफ्टवेअर कोणत्या यंत्रावर चालते, कोणी दिले आणि आधार कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे एका कागदावर लिहून ठेवा. तारीख विक्रेत्याकडून लेखी घ्या.

२) माहिती मोकळी ठेवा. खाती, गिऱ्हाइकांच्या नोंदी व नक्षीच्या फायली दर महिन्याला दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही उघडता येतील अशा स्वरूपात काढून ठेवा. काढलेली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न तपासलेल्या प्रतीवर विसंबू नये.

३) जुने यंत्र लगेच फेकू नका, पण इंटरनेटपासून तोडा. त्यावर ईमेल किंवा बँकेचे काम करू नका. तसे एखादे यंत्र स्वस्तात मिळाले तर सुट्या भागांसाठी घेऊन ठेवावे.

४) बदल घाईने करू नका. नवी व जुनी व्यवस्था निदान एक महिना बरोबर चालवा आणि दोन्हींच्या बेरजा जुळल्यावरच जुनी बंद करा. मार्चअखेर, रमजान व ईदच्या गर्दीचे दिवस टाळा.

५) नवीन खरेदी करताना दोन प्रश्न विचारा. हे सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालेल काय? आणि सोडायचे झाल्यास माझी माहिती कोणत्या स्वरूपात मिळेल? उत्तर बिलावर किंवा करारात लिहून घ्या.

कंपनीचा निर्णय आपल्या हातात नसतो. आपली माहिती आपल्या हातात ठेवणे मात्र आपल्याला नक्कीच शक्य आहे, आणि त्यासाठी आधार संपण्याच्या तारखेची वाट पाहू नये.