दिवाळीची रात्र आणि मद्यमुक्ती

आश्विन वद्य चतुर्दशीला यमतर्पण होते. पहाटे कारीट चिरडून नरकासुराचा वध केला जातो. मद्यमुक्तीच्या वाटेवर असलेल्या माणसाची कसोटी मात्र अमावास्येच्या रात्री लागते. सोलापुरात पेढीवरील वहीपूजन आटोपताच एखादा मित्र ‘सणाचा एकच घोट’ म्हणून आग्रह धरतो. सप्तव्यसनांत मद्याची गणना करणाऱ्या घरांत व्यसन लपविले जाते, तशी त्यातून सुटण्याची धडपडही. त्यामुळे त्या क्षणी तो एकटा पडतो. १९८६ साली स्थापन झालेले पुण्याचे ‘मुक्तांगण’ केंद्र उपचारांत कुटुंबालाही सामील करून घेते. पूजेनंतर त्याला घरीच पंगतीला बसवावे, निर्वाण लाडू अर्पण करण्यास बरोबर न्यावे. ‘फक्त आजचा दिवस’ हा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा नियम त्या रात्री सर्व घराने पाळावा.