टपालाने येणारा वैद्य

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील पुष्कळ घरांत आज वृद्ध दांपत्येच मागे उरली आहेत. मुले पुणे, चाकण, मुंबईकडे. अशा घरी छापील पत्र येते. नाव-पत्ता अचूक, आत ‘आपली निवड झाली आहे’ असा मजकूर आणि गुडघेदुखी वा मधुमेह मुळासकट घालविण्याची हमी. पूर्वी हे चूर्ण व्ही.पी.ने येई व पैसे भरल्याखेरीज पार्सल हाती पडत नसे. आता कुरिअरवाला दारात पैसे घेतो आणि पत्राच्या जोडीला फोनही येतो. छापील अक्षरावर विश्वास ठेवणारी ही पिढी. फसगत कळली तरी ती मुलांना सांगत नाही, सुनेपुढे तर नाहीच.

प्रकार नवा नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकोणतिसाव्या अध्यायात, रोगाभिसर वैद्यांचे वर्णन आहे. कोणी आजारी असल्याचे कानी येताच ते भोवती गोळा होतात आणि त्याला ऐकू जाईल अशा बेताने स्वतःचे गुण मोठ्याने सांगतात. रानात पारधी पाखरांसाठी दबा धरून बसतो, ती उपमा संहितेने त्यांना दिली आहे. टपाल खाते तेव्हा नव्हते, एवढेच.

याच डोंगरपट्ट्यात आदिवासी कुटुंबे बाळहिरडा गोळा करून विकतात. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्यांची कितीतरी झाडे उन्मळली. ज्यांच्या बांधावर हिरडा, त्यांच्याच घरी भारदस्त नावाचे चूर्ण दामदुपटीने यावे, यापरते वैषम्य कोणते?

औषधी द्रव्ये व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या व्याख्येनुसार परिपत्रक, लेबल, वेष्टनसुद्धा जाहिरातच ठरते. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, पक्षाघात, मोतीबिंदू यांसह ५४ विकार आहेत. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड वा दोन्ही. जाहिरातींच्या पूर्वमंजुरीचा २०१८ चा नियम १७० केंद्र शासनाने १ जुलै २०२४ रोजी वगळला. सर्वोच्च न्यायालयाने त्यास दिलेली स्थगिती ऑगस्ट २०२५ मध्ये संपली. १९५४ चा कायदा मात्र जागेवर आहे, आणि तो आपल्या जाहिरातींनाही लागू आहे. हे आपल्यातील काहींना रुचत नाही.

पैसा गेला तर गेला. खरा धोका पुडीतील अज्ञात द्रव्याचा. सांधेदुखीच्या बेनामी चूर्णांत स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणे ठिकठिकाणी उघडकीस आली आहेत. आठवड्यात वेदना थांबल्या, भूक वाढली, चेहरा गोल झाला असे वृद्ध रुग्ण सांगू लागला की शंका घ्यावी. आणि पुडी एकाएकी बंद करवू नये, कारण दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबल्यास प्राणावर बेतू शकते. रक्तशर्करा व रक्तदाब तपासून, तज्ज्ञांच्या सल्ल्याने मात्रा उतरवावी. रसौषधींच्या शुद्धतेचा प्रश्न तर जगभर गाजला. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इंटरनेटवरून मागविलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा वा अर्सेनिक आढळले. त्याचा बट्टा प्रामाणिक फार्मसीलाही लागला.

‘बाहेरचे काही घेता का?’ या प्रश्नाला आजी-आजोबा नकारच देतात. ‘पोष्टाने काही येते का?’ असे विचारले तर पिशवीतून डबा निघतो. रागावू नये. लेबलावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व घटकद्रव्ये आहेत का ते पाहावे. नसल्यास डबा, पत्र आणि विशेषतः पाकीट जपून ठेवण्यास सांगावे. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना पाठविणाऱ्याचा माग बहुधा त्या पाकिटावरच सापडतो.