तिजोरीच्या किल्ल्या (भाग ६) : जकात गेली, धनादेश आला

५ जुलै २०१७. राज्याचे तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार धनादेश घेऊन मुंबई महापालिकेत आले. रक्कम ६४७ कोटींच्या वर. तो महापौरांच्या हाती पडत असताना शिवसेना आणि भाजपचे नगरसेवक घोषणाबाजीत इतके रंगले होते, की धनादेशावर सही कुणाची आहे याचा विचार करायला कुणाला सवडच नव्हती. चारच दिवस आधी जीएसटी लागू झाला होता आणि मुलुंड, दहिसर, मानखुर्द, ऐरोलीचे जकात नाके बंद पडले होते. त्या नाक्यांवरून पालिकेला वर्षाला सात हजार कोटींच्या आसपास मिळत. आता तेवढा पैसा राज्य सरकार देणार होतं, दरमहा.

जकातीसाठी गळा काढण्याचं कारण नाही. ट्रक नाक्यावर थांबायचा, बिलं दाखवायची, मालाची किंमत ठरायची, त्यावर टक्केवारी लागायची. माल शहरात उतरणार नसेल, नुसता पलीकडे जाणार असेल, तरी एस्कॉर्ट फी होतीच. रांगेत डिझेल जळायचं, बिलावरची किंमत सोयीप्रमाणे घटायची आणि ‘चिरीमिरी’ कोणत्याच अंदाजपत्रकात दिसायची नाही. अर्थतज्ज्ञांनी आणि व्यापाऱ्यांनी एकमुखानं नावं ठेवलेले कर फार थोडे. जकात त्यातला एक.

तो हटवण्याचा एक प्रयत्न आधी होऊन गेला होता. नाके काढायचे आणि व्यापाऱ्यानं स्वतःच हिशेब करून पालिकेत भरायचा, असा स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, २०१० पासून टप्प्याटप्प्यानं आला. २०१३ मध्ये तो पुणे-ठाण्यासारख्या मोठ्या शहरांत पोहोचला, तेव्हा व्यापाऱ्यांनी दुकानांची शटरं खाली ओढली. पालिकेचा माणूस दुकानात येऊन वह्या तपासणार, ही धास्ती कराच्या दरापेक्षा मोठी होती. मुंबईत तर तो आलाच नाही. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना एलबीटीतून वगळलं गेलं आणि पालिकांची तूट राज्य भरू लागलं. धनादेशाची सवय खरं तर तिथूनच लागली.

जीएसटीनं त्या सवयीचा कायदा केला. शहरात येणाऱ्या मालावर कर लावण्याचा अधिकार राज्यघटनेच्या राज्यसूचीत ५२ व्या नोंदीत होता. १०१ व्या घटनादुरुस्तीनं ती नोंदच वगळली. बदल्यात राज्यानं पालिकांना भरपाईचा कायदा केला : २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरायचं आणि त्यावर दरवर्षी ८ टक्के वाढ. आता गंमत बघा. त्याच जीएसटीपोटी केंद्रानं राज्यांना पाच वर्षं हमी दिली होती ती १४ टक्के वाढीची. शंभर रुपयांचे पाच वर्षांत १४ टक्क्यांनी १९३ होतात, ८ टक्क्यांनी १४७. राज्यानं दिल्लीकडून मागून घेतलेलं माप महापालिकांना देताना आखूड केलं.

अर्थात ८ टक्के म्हणजे अगदीच कंजुषी नव्हे. टाळेबंदीत शहरं ठप्प झाली, तेव्हा जकात असती तर पालिकांचं उत्पन्न मालाच्या आवकीबरोबर कोसळलं असतं. भरपाईला निदान कायद्याचा आधार होता. पण दुखणं रकमेचं नाही, तुटलेल्या नात्याचं आहे. जकात कितीही वाईट असो, शहरात माल वाढला की शहराच्या तिजोरीत भर पडायची. आता पुण्यात कितीही मॉल उभे राहिले, तरी त्यांच्या विक्रीवरचा कर केंद्र आणि राज्य वाटून घेतात. पालिकेला मिळते ती कायद्यानं आखून दिलेली रक्कम. मॉलचा कचरा मात्र तिनंच उचलायचा.

मग पालिकांच्या हाती स्वतःचं मोठं असं उरलं ते घरपट्टी नि विकास शुल्क. विकास शुल्क बांधकामाच्या तेजीवर अवलंबून. आणि घरपट्टी वाढवायची हिंमत कोण करणार? २०२२ च्या जानेवारीत, पालिकेची मुदत संपायला जेमतेम दोन महिने असताना, मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारनं घेतला. मतं सरकारची, खड्डा पालिकेच्या तिजोरीत. त्याआधीच पंधराव्या वित्त आयोगानं शहरांच्या अनुदानाला अट घातली होती, की राज्यांनी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करावेत. दिल्लीचा आयोग घरपट्टी वसूल करा म्हणतो आणि मुंबईतलं सरकार ती माफ करतं. पालिकेनं ऐकायचं कुणाचं?

(पुढील आठवड्यात : पुण्यातली ४० टक्के घरपट्टी सवलत)